दोन विंचू आणि एक डायनासोर

प्रश्न असा आहे: “नवा 55 इंची टीव्ही घेतला. मुलगा बारा वर्षांचा. त्याला 1993 चा ‘ज्युरासिक पार्क’ दाखवला, तर घाबरून माझ्या कुशीत शिरला. पुढच्या रविवारी मी हौसेने 2001 चा ‘द ममी रिटर्न्स’ लावला. शेवटी तो विंचवाच्या धडाचा राजा आला आणि पोरगा पोट धरून हसला. मलाही तो भाग पाहवेना. कॉलेजात असताना याच प्रवेशाला आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या! आठ वर्षांनी मागून आलेला इफेक्ट आधी शिळा कसा झाला? आणि एकदा खोटेपणा दिसला की मजा जाते, ती परत येते का?”

भाऊ, आधी माझी ओळख, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. बावीस वर्षं कंपोझिटिंग करतोय. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र, ज्याला आम्ही प्लेट म्हणतो, आणि संगणकात तयार झालेलं चित्र, ही दोन अशी जोडायची की सांधा दिसू नये. रफूगाराचं काम समजा. सोळा वर्षं अंधेरीत काढली, आता नागपुरात प्रतापनगरला घराच्या वरच्या खोलीत बसून तेच करतो.

इफेक्टचं वय सालावरून मोजायला गेलात की फसता. 2001 चे संगणक 1993 पेक्षा कैक पटींनी वेगवान होते, सॉफ्टवेअरही बरंच पुढे गेलं होतं. मागे पडलं ते काय दाखवू नये याचं भान.

डायनासोरच घ्या. सिनेमा 127 मिनिटांचा. त्यात डायनासोर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं, आणि त्यातली संगणकावरची सहाएक. बाकीचे स्टॅन विन्स्टनच्या चमूने बांधलेले, रबरी कातडीचे, आतून यंत्रावर हलणारे. तुमचा मुलगा ज्या प्रवेशात कुशीत शिरला असेल तो आठवा: रात्र, मुसळधार पाऊस, बंद पडलेल्या गाड्या. रात्र असल्यामुळे जनावराच्या कडा अंधारात बुडतात. पाऊस असल्यामुळे कातडी ओली आणि चकचकीत दिसते, आणि चकाकी हे त्या काळच्या संगणकाला बऱ्यापैकी जमणारं काम होतं. शिवाय सेटवर खराखुरा, पूर्ण आकाराचा टी-रेक्स उभा होता. पावसात त्याच्या कातडीत पाणी मुरायचं, यंत्र जड होऊन थरथरायला लागायचं, मग माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. निर्मात्याला ती कटकट वाटली असेल, पण इफेक्टवाल्यांना तो खजिना होता. संगणकातल्या जनावरावर उजेड कसा पडायला हवा, याचा नमुना त्याच पावसात, त्याच दिव्यांखाली समोर हजर.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. फिल टिपेट हा आधीच्या पिढीचा कारागीर, बाहुलं किंचित हलवून एकेक फ्रेम काढणारा. संगणकावरची पहिली चाचणी पाहिल्यावर आता आपली जातच नामशेष झाली असं तो म्हणाला, आणि ते वाक्य पुढे सिनेमातल्या संवादातही आलं. पण त्याला घरी पाठवलं नाही. त्याच्या माणसांसाठी धातूचा एक सांगाडा बनवला, सांध्यासांध्यात सेन्सर बसवलेला. हातांनी सांगाडा हलवायचा, हालचाल संगणकात उतरायची. त्या जनावराच्या चालीत जो भारदस्तपणा आहे, त्यात बाहुली हलवून तयार झालेल्या हातांचा मोठा वाटा आहे.

आता तो विंचूराजा. अवघड ते सगळं एकाच ठिकाणी: माणसाचा चेहरा, तोही कुस्तीमुळे घरोघरी ओळखीच्या झालेल्या ‘द रॉक’चा, बऱ्यापैकी उजेडात, जवळून, आणि बराच वेळ. त्यातही कातडी हे मोठं दुखणं. रात्री अंधारात पंजाच्या मागे टॉर्च धरून बघा, बोटांच्या कडा लाल दिसतील. उजेड कातडीवर आपटून नुसता परत फिरत नाही, आत शिरतो, भटकतो आणि दुसरीकडून बाहेर येतो. हे सिनेमाला परवडेल इतक्या वेगाने मोजायची रीत 2001 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि 2002 मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या संगणकी गोलमच्या कातडीत तिचा उपयोग दिसला. तिच्याआधीचे संगणकी चेहरे मेणाचे वाटतात, कारण उजेड त्यांच्या आत जातच नाही. 1991 च्या ‘टर्मिनेटर 2’ मधला पाऱ्याचा माणूस अजून टवटवीत आहे, याचं कारणही हेच. पाऱ्याला कातडी नसते, आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवलं की काम झालं. तिथे संगणकाला जे येत होतं तेच त्याच्याकडून करून घेतलं.

शिवाय आपला मेंदू माणसाच्या चेहऱ्याबाबत भलता खडूस आहे. डायनासोर कुणी पाहिलेला नाही, चेहरे आपण जन्मल्यापासून वाचतोय. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाने 1970 मध्येच मांडलं होतं की माणसासारखी वस्तू माणसाच्या फार जवळ गेली, पण पूर्ण पोचली नाही, की आपुलकी वाटायच्या ऐवजी शिसारी येते. आमच्या आजीची भाषा सोपी होती: “डोये पाय त्याचे, मेल्यावानी.” म्हणजे डोळे बघ त्याचे, मेल्यासारखे.

दुसरा विंचू आपल्या घरचा आहे. ‘झपाटलेला’ही 1993 चाच. तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्यांचा बाहुला, त्यात संगणकाची करामत नाही. तोही लावा मुलाला. बाहुला आहे हे त्याला पहिल्याच क्षणी कळेल, तरी रात्री कपाटाकडे पाठ करून झोपायचा नाही. कारण तो बाहुला खरोखर त्या खोलीत आहे. लक्ष्याच्या अंगावर जो दिवा पडलाय तोच त्याच्यावर पडलाय, आणि लक्ष्या त्याला उचलतो तेव्हा हाताला खरं वजन लागतं. बाहुल्याचा चेहरा फारसा हलत नाही हे उणं आहे खरं, पण बाहुल्याचा चेहरा हलावा अशी अपेक्षा कोण करतो? विंचूराजाकडून मात्र आपण माणसाची अपेक्षा करतो, कारण सिनेमानेच तो माणूस आहे असं सांगितलेलं असतं.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरा धंदा उजेडाचा आहे आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ता नसतो. समजा मला मे महिन्यात, भर दुपारी, नागपूरच्या झिरो माईलच्या घोड्यांशेजारी संगणकातला हत्ती उभा करायचाय. बाहेर 45 अंश. सूर्य डोक्यावर, म्हणजे सावली आखूड, पायांशी गोळा झालेली आणि काळी कुळकुळीत. पाय जिथे जमिनीला टेकतो तिथे सावलीची एक बारीक, अजूनच गडद रेघ असते. ती विसरलो की हत्ती तरंगतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तो एवढंच म्हणतो, “कायतरी गडबड आहे राजा.” पुढे तापलेल्या जमिनीवरून उजेड उसळतो आणि हत्तीच्या पोटाला खालून पिवळसर झाक येते. डांबराच्या वरची हवा थरथरते, तर हत्तीचे पायही तेवढेच थरथरायला हवेत. धूळ आहे, म्हणजे लांबची कुठलीच काळी गोष्ट खरी काळी दिसत नाही, राखाडी दिसते. माझा हत्ती लांब असेल आणि त्याचा काळा रंग शेजारच्या सावलीपेक्षा गडद असेल, तर तो चिकटवलेला स्टिकर दिसणार. याला आम्ही ब्लॅक लेव्हल जुळवणं म्हणतो. माझ्या हाताखाली नवीन पोरं आली की पहिला महिना मी त्यांना एवढंच करायला लावतो. त्यावर लेन्सचा मऊपणा, फिल्मचे दाणे आणि हालचालीतला पुसटपणा चढवायचा. त्याच जागी हिवाळ्यातल्या पहाटेचं धुकं द्या, निम्मं काम वाचतं. धुकं, पाऊस, रात्र, धूर हे आमचे गरिबांचे वाली.

माझ्या हातून हे चुकलेलं आहे. एका पौराणिक चित्रपटात (नाव राहू द्या) नदीकाठी महाल उभा करायचा होता. प्लेट ढगाळ दिवसाची, महालाचा रेंडर, म्हणजे संगणकाने काढून दिलेलं चित्र, मात्र लख्ख उन्हातला आला. पुन्हा रेंडर करायला वेळ नव्हता, दिग्दर्शकाला महाल ‘झगमगीत’ हवा होता. रात्रभर बसून रंगसफेदी केली आणि पहाटे शॉट पाठवला. थिएटरात कुणी हसलं नाही. चार वर्षांनी टीव्हीवर लागला तेव्हा बायको म्हणाली, “हा महाल वाढदिवसाच्या केकसारखा दिसतो.” पाठवला तेव्हापासून तो तसाच होता.

आता तुमच्या शिट्ट्यांकडे येतो. तुम्ही पाहिलं ते चित्र आणि मुलाने पाहिलं ते चित्र एक नव्हतंच. त्या काळी फिल्मची मूळ निगेटिव्ह, तिच्यापासून एक प्रत, त्या प्रतीवरून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यावरून टॉकीजची प्रिंट. दर टप्प्यावर थोडा बारकावा गळायचा. मग ती प्रिंट सीपी-बेरार सर्किटात, म्हणजे आमच्या विदर्भाकडच्या वितरणाच्या पट्ट्यात फिरणार, ओरखडे पडणार, प्रोजेक्टरचा दिवा काटकसरीने लावलेला. ‘ज्युरासिक पार्क’ मी 1994 मध्ये हिंदीत पाहिला, सदरच्या एका टॉकीजमध्ये, पुढून तिसऱ्या रांगेत. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात डाग होता आणि पंखे आवाज करत होते. त्या धूसरपणाने सांधे झाकले जायचे, आणि इफेक्टवाल्यांनाही ते ठाऊक असायचं.

आज तुम्ही त्याच गोष्टी मूळ निगेटिव्हच्या जवळ जाऊन बघता, पाच फुटांवरून, दिवाणखान्यात. साध्या शॉटला त्याचा फायदा होतो. पण संगणकात जोडलेले शॉट त्या काळी बहुधा 2के इतक्याच बारकाव्याने तयार होऊन पुन्हा फिल्मवर उतरायचे. मूळ निगेटिव्ह नव्याने 4के मध्ये उतरवली तरी या शॉटमध्ये जे कधी नव्हतंच ते कुठून येणार? म्हणून सिनेमा कुरकुरीत चालला असताना मध्येच एखादा शॉट मऊ पडतो, आणि राक्षस यायच्या आधीच डोळ्याला वर्दी मिळते.

वर नव्या टीव्हीचा आगाऊपणा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने घालून तो गुळगुळीत करतो. क्रिकेटला ठीक आहे. सिनेमात त्यामुळे सगळं मालिकेसारखं दिसायला लागतं आणि संगणकातली हालचाल उघडी पडते. आज रात्रीच सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. दर कंपनीने त्याला वेगळं गोंडस नाव दिलंय, पण ‘मोशन’ शब्द बहुधा सापडेल. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, आणि शार्पनेस खाली आणा. दुकानात टीव्ही विकला जावा म्हणून तो चढवलेला असतो.

कॅमेऱ्याबद्दल एकच सांगतो. शॉट खोटा वाटला की लोक राक्षसाला दोष देतात, पण पुष्कळदा खोटा असतो तो कॅमेरा. खऱ्या कॅमेऱ्याला वजन असतं, त्याला चालवणारा माणूस दचकतो, उशिरा वळतो. संगणकातला कॅमेरा बाणाच्या टोकाला बसून फिरतो आणि किल्लीच्या भोकातून आरपार जातो. ही चैन फुकट मिळाल्यापासून दिग्दर्शकांना तिचं व्यसन लागलं, आणि दर दशकाची अशी कसरत पुढच्या दशकात हमखास हास्यास्पद दिसते.

मजा परत येते का, हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त गमतीचा वाटतो. मार्च 2020 मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने 1987 ची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवली आणि देश टीव्हीसमोर बसला. आमच्या घरी मी, माझी आई आणि माझी मुलगी, तिघं एका सोफ्यावर. बाण आकाशात समोरासमोर येतात, ठिणगी पडते, एक विझतो. माझ्या धंद्याच्या डोळ्यांना बाणाभोवतीची प्रत्येक कड दिसत होती. मुलगी पहिल्या दिवशी खिदळली. आई हात जोडून बसली होती. चौथ्या दिवशी मुलगी खिदळायची थांबली आणि कुठला बाण कुणाचा हे विचारायला लागली.

तिला इफेक्ट खरा वाटायला लागला असं नाही. ती खूण वाचायला शिकली होती. आपल्याला ही सवय जुनी आहे. तान्ह्या पोळ्याला नागपुरात इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते, बांबू, कागद आणि कापडाची पुतळी. हजारो लोक “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” म्हणून ओरडतात. कातडी खरी वाटत नाही अशी तक्रार मी अजून ऐकलेली नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात रंगवलेल्या पडद्यावरच्या जंगलात नायिका हरवते आणि वडसा-देसाईगंजकडचं पब्लिक थंडीत रात्रभर बसून डोळे पुसतं. प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’मध्ये गरुडावरून वैकुंठाला जाणं आहे. ती ट्रिक आहे हे तेव्हाही कळत असणार, आजही कळतं. पण तिथे पोचेपर्यंत विष्णुपंत पागनीसांनी तुकाराम इतका आपला केलेला असतो की तो कशावर बसून जातो याने फरक पडत नाही. बिघडतं ते सिनेमाने ‘हे अगदी खरं आहे, नीट बघा’ असा आव आणून आपल्याला पुढे ओढल्यावर. मग आपण नीट बघतो.

म्हणून माझ्या मते जुन्या इफेक्टने मजा घालवायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: शॉट कच्चा असणं, आणि त्या क्षणाचा सगळा भार त्या शॉटवर असणं. विंचूराजा हा त्या सिनेमाचा कळस आहे, दुसरा टेकूच नाही. मागे कुठेतरी धावणारी संगणकातली फौज तितकीच कच्ची असली तरी कुणाचं काही अडत नाही.

जे इफेक्ट दिसतच नाहीत ते जवळजवळ कायमचे टिकतात, आणि आमच्या कामाचा मोठा हिस्सा तोच असतो. 1994 च्या ‘फॉरेस्ट गम्प’मध्ये पाय गमावलेल्या लेफ्टनंटचे पाय संगणकाने पुसलेले आहेत. तीस वर्षांत कुणी त्यावर हसलेलं मला माहीत नाही. उलट हल्ली ‘आम्ही सगळं खरं केलं’ अशी जाहिरात करायची फॅशन आहे. 2015 च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’चं कौतुक खऱ्या गाड्यांसाठी झालं. गाड्या खऱ्याच होत्या, नामिबियाच्या वाळवंटात पळवलेल्या. पण त्यात इफेक्टचे शॉटही सुमारे 2000 आहेत. खरी गाडी खरी धूळ उडवते, आणि आम्ही आकाश, दोऱ्या, टायरच्या खुणा बदलतो. मला विचाराल तर ही सर्वांत टिकाऊ पद्धत आहे, फक्त तिच्यात आमचं नाव येत नाही.

आमच्या धंद्याचं नाव निघालंय म्हणून एक उणंदुणं सांगून घेतो. शॉट शिळा निघण्यामागे आळशी कलाकार क्वचित असतो. आधी ठोक भावात काम घेतलेलं असतं, मग दिग्दर्शक सतराव्यांदा मत बदलतो, प्रदर्शनाची तारीख मात्र हलत नाही. 2013 मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’च्या वाघासाठी ऑस्कर मिळाला, तेव्हा तो वाघ बनवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूजने काही दिवसांपूर्वीच दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. त्या कंपनीची ऑफिसं मुंबई आणि हैदराबादलाही होती, तिथली पोरं आमच्या ओळखीची. वाघ आजही अप्रतिम दिसतो.

आता तुमच्या घरचं. टीव्हीचं सेटिंग बदलल्यावर विंचूराजा पुन्हा लावून बघा, खोलीतले दिवे घालवून. थोडा सुधारेल, फार नाही. पोरगा हसला तर हसू द्या, तुमच्या आठवणीचा तो अपमान करत नाहीये. त्याला हसू आलं, कारण आठ-दहा वर्षं तो गेम खेळतोय आणि उजेड चुकलेला त्याला कळतो. आमच्या वेळी ती नजर फक्त स्टुडिओतल्या माणसांकडे होती. हवं तर त्याला विचारा, “नेमकं काय चुकलं? सावली, कातडी, की डोळे?” माझ्या मुलीशी मी हा खेळ खेळतो, आणि ती माझेच शॉट पकडते.

आणि तुमच्या लग्नाची कॅसेट असेल तर तीही काढा. आमच्या थोरल्या भावाच्या लग्नात नागपूरच्या महाल भागातल्या एका व्हिडिओ मिक्सिंगवाल्याने नवरा-नवरीला कमळात बसवून ते कमळ फुटाळा तलावावर तरंगत ठेवलंय, आणि मागे स्वित्झर्लंडचे डोंगर. ब्लॅक लेव्हल जुळलेली नाही, कडांना हिरवी किनार आहे, वहिनीचा डावा हात मध्येच गायब होतो. दर दिवाळीला सगळं घर ती कॅसेट बघतं. मागच्या वर्षी मी दादाला म्हटलं, “आण इकडे, अर्ध्या तासात किनार काढून देतो.” वहिनींनी कॅसेट उचलून कपाटात ठेवली.